खेळत्या हवेचा हिशेब: घरात, क्लासमध्ये आणि आजाऱ्याच्या खोलीत

राहत्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हॉल अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, छत दहा फुटांवर. एका बॅचला चोवीस मुलं. २०२२ च्या पावसाळ्यात एका सोमवारी एक मुलगा खोकत आला. त्याला घरी पाठवायला जीव होईना, म्हणून कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब बसवलं. पाऊस आत येत होता म्हणून खिडक्या बंद होत्या आणि मुलं उकाड्यानं हैराण झाली होती म्हणून एसी चालू होता. शुक्रवारपर्यंत नऊ मुलं तापानं पडली. त्यातली चार तर त्या मुलाच्या थेट समोरच्या भिंतीला बसणारी होती.

खोली थंड आहे म्हणजे हवा ताजी आहे, असं मी तोवर धरून चालले होते. त्या आठवड्यानंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर घेतला. दीड तासाच्या तासिकेच्या शेवटी त्यानं ३,६०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३,६०० भाग, दाखवले. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा ४२० च्या आसपास असतो आणि आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४०,००० असतो. साधं त्रैराशिक मांडलं: ३,६०० उणे ४२०, भागिले ४०,०००. उत्तर आठ टक्के. म्हणजे माझ्या क्लासमधलं प्रत्येक मूल घेत असलेल्या दर बारा-तेरा श्वासांपैकी एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला होता.

त्यानंतर मी जे शिकले आणि बदललं ते इथे क्रमानं लिहिते. हे सगळं घरच्या घरी जमतं. खर्च लागतो तो पुढच्या टप्प्यांवर, पहिल्या काही गोष्टींना पैसाही लागत नाही.

आधी शत्रू कसा फिरतो ते

खोकला-शिंकेतून उडणारे मोठे थेंब, शंभर मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काही सेकंदांत खाली पडतात. पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही त्याहून कितीतरी बारीक कण बाहेर पडत असतात. पाच मायक्रॉनच्या कणाला माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून अगदी स्थिर हवेत जमिनीपर्यंत यायला अर्धा तास लागतो, एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास. आणि खोलीतली हवा स्थिर नसतेच. पंखा असतो, माणसांच्या अंगाची ऊब हवेला वर ढकलत असते. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येतो, तसेच हे कण घरभर जातात.

हे मान्य व्हायला वेळ लागला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं होतं. त्याच्या अठरा दिवस आधी, १० मार्चला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या एका समूहगान मंडळाचा अडीच तासांचा सराव झाला होता. ६१ जण आले होते, त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली आणि दोघं दगावले. चीनमधल्या ग्वांगझू शहरात तर जानेवारीतच एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतली दहा माणसं आजारी पडली होती. एसी तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत होता आणि बाहेर टाकणारे पंखे बंद होते. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं लोकांसाठी जे पत्रक काढलं, त्यात तरंगते कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा, असं स्पष्ट सांगितलं होतं. लोकांनी त्यातला मास्क लक्षात ठेवला आणि खिडकी विसरले.

गोवराची गोष्ट याहून कठीण आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तिथली घरं किती लहान आणि किती चिकटून आहेत हे आठवून पाहा. गोवरापासून वाचवते ती लस. खिडकी लसीची जागा घेत नाही. आणि समोरासमोर हातभर अंतरावर बोलणाऱ्या दोघांना खेळती हवा फारशी वाचवू शकत नाही, तिथे चांगला मास्कच हवा. खेळत्या हवेचा उपयोग खोलीतल्या बाकीच्या सगळ्यांसाठी: हवेत विषाणू साचू न देण्यासाठी.

पहिलं काम: उदबत्ती घेऊन खोलीभर फिरा

दारं-खिडक्या, पंखे, एसी रोज जसे असतात तसे ठेवा. उदबत्ती पेटवून प्रत्येक खिडकीच्या फटीशी, दाराखाली, न्हाणीघराच्या दाराशी, एक्झॉस्टच्या जाळीशी धरा. धूर आत झुकला तर तिथून हवा येते आहे, बाहेर खेचला गेला तर तिथून जाते आहे, आणि सरळ वर गेला तर तिथे काहीच घडत नाही. कागदावर खोलीचा नकाशा काढून बाण मांडा. ज्या नकाशावर आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही बाण नाहीत, ती खोली कोंदट. माझ्या नकाशावर एकच बाण निघाला, मुख्य दाराखालचा.

या फेरीत दोन गैरसमज सुटतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून वायू फिरतो तो थंडाव्यासाठीचा, श्वासाची हवा नव्हे. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड होऊन येते. खिडकीत बसणाऱ्या जुन्या एसीला ताज्या हवेची छोटी झडप असते, तिचा खटका उघडा ठेवा, पण तिच्यातून येणारी हवा थोडी. दुसरं म्हणजे छताचा पंखा. तो हवा ढवळतो, बदलत नाही. खिडकी उघडी असेल तर ढवळण्यानं मदत होते, बंद असेल तर एका कोपऱ्यातला खोकला सगळ्यांना सारखा वाटला जातो. माझ्या क्लासमध्ये नेमकं तेच झालं होतं.

दुसरं काम: किती हवा लागेल त्याचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेलं प्रमाण घरं आणि दवाखाने सोडून इतर जागांसाठी माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा असं आहे. तासाला ते ३६ घनमीटर होतात. माझ्याकडे चोवीस मुलं, म्हणजे ताशी ८६४ घनमीटर.

आता खोलीचं आकारमान. अठरा गुणिले बारा गुणिले दहा, २,१६० घनफूट. घनफुटांना ३५ नं भागलं की घनमीटर मिळतात, सुमारे ६१. म्हणजे माझ्या हॉलमधली सगळी हवा तासाला चौदा वेळा बदलायला हवी. हा आकडा पाहून मी हबकले होते. पण चोवीस माणसं कोंबलेल्या खोलीला एवढीच हवा लागते. त्याच हॉलमध्ये आम्ही घरची चार माणसं असतो तेव्हा तीन वेळासुद्धा लागत नाही. म्हणून गर्दीच्या जागेचा हिशेब नेहमी डोक्यांवरून करा, चौरस फुटांवरून नको. एका बॅचच्या दोन केल्या तर गरज लगेच निम्म्यावर येते, आणि ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी हा उपाय कुठल्याही यंत्राहून सरस आहे.

आजाऱ्याच्या खोलीसाठी हिशेब उलटा. तिथे माणूस एक, पण तोच विषाणू सोडणारा. तिथे खोलीची हवा तासाला किमान सहा वेळा, जमलं तर बारा वेळा बदलेल असं पाहा. बारा हा आकडा हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण खोल्यांसाठी रुग्णालयांत वापरतात.

मीटर घ्यायचा तर

विषाणू मोजणारं घरगुती यंत्र नाही. पण विषाणू ज्या श्वासातून येतो त्याच श्वासातून कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणून तो वाढला की उच्छ्वास साचतो आहे हे कळतं. विकत घेताना एकच गोष्ट विचारा: सेन्सर एनडीआयआर आहे का? अवरक्त किरणांनी मोजणारा हा सेन्सर खरा. खूप स्वस्त मीटर दुसरे वायू मोजून त्यावरून अंदाजे आकडा दाखवतात. सॅनिटायझरची बाटली जवळ उघडली की त्यांचा आकडा उडी मारतो.

आणल्यावर गच्चीवर मोकळ्या हवेत अर्धा तास ठेवा. आकडा ४०० ते ४५० च्या दरम्यान स्थिरावायला हवा, नाहीतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बाहेरच्या हवेवर त्याचं शून्य लावून घ्या. आत वापरताना बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. खिडकीत, एसीच्या झोतात किंवा कुणाच्या तोंडासमोर नको.

आकडे असे वाचा. आठशेच्या आत असेल तर हवा उत्तम. हजाराच्या आसपास म्हणजे माणशी सेकंदाला साधारण आठ-नऊ लिटर मिळते आहे, चालेल. चौदाशेला ती पाच लिटरवर येते. त्यापुढे खिडकी उघडायलाच हवी. दोन हजारांवर आकडा गेला की डोकी जड होतात, मुलं जांभया देऊ लागतात, आणि मला वाटायचं त्यांना भूमिती कंटाळवाणी वाटते आहे.

आपल्या घरांत एक खास फसगत होते. समई, निरांजन, गॅसची शेगडी, सगळं कार्बन डायऑक्साइड सोडतं. गणपतीत आरतीच्या वेळी आमच्या मीटरनं जो आकडा दाखवला त्यात माणसं किती आणि ज्योती किती हे वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून मोजायचं ते शेगडी आणि दिवे विझलेले असताना. मीटर घेणं जमत नसेल तर चारपाच शेजाऱ्यांनी मिळून एक घ्या. दोन आठवड्यांत आपली खोली कशी वागते हे कळतं, मग तो दुसऱ्याकडे जाऊ द्या.

खिडक्या: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी

पेरूमधल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी हवा किती बदलते ते मोजलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. खिडक्या-दारं सताड उघडी असलेल्या खोल्यांत हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती, तर यांत्रिक सोयीच्या खोल्यांत ती १२ धरली होती. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती तर चाळिसापर्यंत पोचल्या. हे वाचताना मला माझी गावची शाळा आठवली: समोरासमोर खिडक्या आणि वर, कौलांच्या जरा खाली, दोरीनं उघडणारी झडपेची तावदानं. ती तावदानं शोभेची नव्हती. गरम उच्छ्वास वर चढतो आणि तिथून बाहेर पडतो, खाली खिडकीतून ताजी हवा आत येते.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं घालून दिलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्यापर्यंत उजेड आणि वारा पोचतो. आणि अलीकडच्या काळात मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या केल्या. तिथे खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षयरोग घर करून राहिला आहे. क्षयाचा जंतू विषाणू नव्हे, पण तोही हवेतूनच जातो. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण अशा घरातल्या माणसाला 'खिडकी उघडा' एवढाच सल्ला पुरत नाही.

ज्यांना वारा मिळतो त्यांनी मात्र तो वाया घालवू नये. समोरासमोरच्या किंवा निदान काटकोनातल्या दोन भिंतींवर काहीतरी उघडं हवं. एकाच भिंतीवर खिडक्या असतील तर समोरचं खोलीचं दार उघडा आणि त्यापुढच्या खोलीतली खिडकीही. एका बाजूची खिडकी पूर्ण उघडण्यापेक्षा दोन बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या उघडलेल्या बऱ्या. सरकत्या खिडक्या मुळात निम्म्याच उघडतात, त्यात डासांची जाळी आली की हवा आणखी कमी होते, आणि जाळीवर धूळ बसली की जवळपास थांबतेच. जाळी काढून महिन्यातून एकदा धुवा. माझ्या हॉलची जाळी धुतल्यावर, बाकी काहीही न बदलता, दीड तासानंतरचा आकडा ठळकपणे खाली आला.

एकाच बाजूला खिडकी असेल आणि दार उघडणंही शक्य नसेल तर टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा. विचित्र दिसतं खरं. पण पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून नवी ओढली जाते. खिडकीचा उरलेला भाग पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर फेकलेली हवा बाजूनं परत आत येते.

पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडणं अशक्य असतं, विशेषतः कोकणात आणि मुंबई-ठाण्यात पश्चिमेची. तेव्हा आडोशाची खिडकी आणि न्हाणीघराच्या लूव्हरच्या काचा कामाला लावा. आम्ही पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पत्र्याचा तिरका छज्जा बसवून घेतला, आता मुसळधार सोडून बाकी पावसात ती चार बोटं उघडी राहते.

डासांसाठी एक वेळापत्रक: सूर्यास्ताच्या सुमाराला तासभर खिडक्या लावून घ्या, नंतर जाळी ओढून उघडा. डेंग्यूचा डास मात्र दिवसाही चावतो, म्हणून जाळी काढून टाकणं हा पर्याय नाही. बाहेर कचरा जळत असेल किंवा धूर फार असेल त्या वेळी खिडक्या बंद करून पुढे सांगते तो फिल्टर चालवा.

एक्झॉस्ट पंखा बसवताना

खोक्यावर हवा फेकण्याची क्षमता ताशी घनमीटरांत लिहिलेली असते. नऊ इंची पंख्यांवर साधारण पाचशेच्या आसपास आकडा सापडतो. पण जाळी, झडपा आणि धूळ यांमुळे तेवढी हवा मिळत नाही, म्हणून मी दोन तृतीयांशच धरते. माझ्या हॉलला दोन पंखे बसवले: ताशी सुमारे ६६० घनमीटर, माणशी २७. गणितानं दीड तासानंतर १,०७५ पीपीएम यायला हवे होते. मीटरवर ११०० च्या थोडं अलीकडे आकडा थांबला तेव्हा मला दहावीचं प्रमेय सुटल्यासारखा आनंद झाला. दर बारा-तेरा श्वासांतल्या एका उष्ट्या श्वासावरून आता साठांतल्या एकावर आलो होतो.

जागा चुकली तर पंखा निरुपयोगी ठरतो. उघड्या खिडकीच्या शेजारीच पंखा लावला तर तो त्या खिडकीतून आलेली ताजी हवा तशीच बाहेर टाकतो आणि मुलांपर्यंत काहीच पोचत नाही. हवा जिथून आत येते त्याच्या समोरच्या भिंतीवर, वरच्या बाजूला पंखा हवा. आणि आत यायला वाट ठेवाच. सगळं घट्ट बंद करून एक्झॉस्ट चालवला तर तो नुसता आवाज करतो.

इथे एक धोक्याची सूचना, ती कृपा करून वगळू नका. घरात गॅस गीझर असेल तर बंद घरात जोरदार एक्झॉस्ट चालवल्यानं गीझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं न्हाणीघरात माणसं मेलेली आहेत. गीझर चालू असताना खिडकी उघडी हवीच, आणि शक्यतो गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवा.

उरलेली तूट: हवा गाळणं

मला हवी होती ८६४, मिळाली ६६०. उरलेले दोनशे एअर प्युरिफायरनं भरून काढले. याच्या खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, ताशी किती घनमीटर गाळलेली हवा मिळते ते सांगणारा. मी तीनशेचा घेतला. फिल्टर हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, हवा. दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीला, म्हणजे ३४ घनमीटरला, दोनशे सीएडीआरनं तासाला सहाएक वेळा हवा गाळली जाते. लिहिलेला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून वेग कमी केला की तो निम्म्याच्याही खाली जातो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा घेऊन मधल्या वेगावर चालवणं शहाणपणाचं. सोफ्यामागे किंवा पडद्याआड ठेवू नका.

प्युरिफायर विषाणूचे कण अडवतो, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यामुळे तो लावल्यावर मीटर हलला नाही तर घाबरू नका. आणि तो आहे म्हणून खिडकी कायमची बंदही करू नका. आयन सोडणारी किंवा ओझोन बनवणारी यंत्रं टाळा, ओझोन फुप्फुसांना त्रास देतो. धूप, कापूर, गुग्गुळ मन प्रसन्न करत असतील, पण त्यांच्या धुरात स्वतःचेच बारीक कण असतात. दम्याच्या मुलाच्या खोलीत तर ते जाळूच नयेत.

एसीचं काय? बंद करायला मी सांगणार नाही, मे महिन्यात तो सल्ला कुणी पाळणार नाही. २६-२७ अंशांवर ठेवा, छताचा पंखा हळू चालवा, खिडकीची चार बोटं फट आणि एक्झॉस्ट चालू. वीजबिल थोडं वाढतं. दर पाऊण तासानं दहा मिनिटांची सुट्टी देऊन एसी बंद, दारं-खिडक्या सताड. ताशी बारा वेळा हवा बदलत असेल तर या दहा मिनिटांत जुन्या हवेचा सातवा हिस्साच उरतो.

घरात कुणी आजारी असेल तेव्हा

ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे हवेची दिशा. निरोग्यांच्या खोल्यांतून आजाऱ्याच्या खोलीकडे आणि तिथून बाहेर, अशी ती वाहायला हवी. आजाऱ्याला अशी खोली द्या जिच्या खिडकीत बाहेर तोंड केलेला पंखा लावता येईल किंवा जिला जोडून एक्झॉस्टचं न्हाणीघर आहे. खोलीचं दार लावा, खालची फट मोकळी ठेवा. मग फटीपाशी उदबत्ती धरा, अर्थात दाराच्या बाहेरच्या बाजूनं. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर खिडकीतून आलेला वारा विषाणू घरात ढकलतो आहे. अशा वेळी ती खिडकी थोडी मिटा, घराच्या दुसऱ्या बाजूच्या उघडा आणि पुन्हा तपासा. वारा फिरला की दिशाही फिरते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहा.

एकखणी घरात वेगळी खोली नसते. तिथे आजाऱ्याचं अंथरूण हवा बाहेर जाते त्या खिडकीशी किंवा एक्झॉस्टशी घाला, बाकीच्यांचं हवा येते त्या दाराशी. जवळ जाणाऱ्यानं एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून लावा, आजाऱ्यालाही सोसत असेल तेवढा वेळ मास्क द्या. म्हातारं माणूस असेल तर त्याला वाऱ्याच्या झोतात बसवू नका. ताजी हवा हवी, गारठा नको.

खोली झाडायला किंवा चादरी काढायला कधी जावं? हवेतले नव्याण्णव टक्के कण जायला तासाला दोनदा हवा बदलणाऱ्या खोलीत दोन तास वीस मिनिटं लागतात, सहा वेळा बदलणाऱ्या खोलीत पाऊण तास, बारा वेळा बदलणाऱ्या खोलीत २३ मिनिटं. आजारी माणूस बाहेर पडल्यापासून एवढा वेळ थांबा.

आणि एक न सुचणारी गोष्ट. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची तीनशेहून जास्त माणसांना लागण झाली. न्हाणीच्या मोऱ्यांखालच्या वाकड्या नळीत साचून हवा अडवणारं पाणी सुकलेलं होतं, आणि एक्झॉस्ट पंख्यांनी सांडपाण्याच्या नळातली दूषित हवा घरांत ओढली, असं तपासात पुढे आलं. न वापरल्या जाणाऱ्या मोरीच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. एवढ्यानं ती वाट बंद होते.

इतर ठिकाणं, थोडक्यात

टॅक्सीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या काचा दोन बोटं खाली घ्या. मोटारीत एसी असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात सगळ्यांत जास्त काळजी घ्यायला हवी, कारण तिथे आजारी माणसं तासतासभर एकमेकांशेजारी बसतात. शक्य असेल तर नंबर लावून बाहेर व्हरांड्यात थांबा आणि आत मास्क काढू नका. अभ्यासिकांत मुलं दहा-बारा तास बसतात. तुमचं मूल तिथे जात असेल तर फी भरण्यापूर्वी खिडक्या उघडतात का, एक्झॉस्ट आहे का, हे जरूर पाहा. मंगल कार्यालयात एसी हॉलपेक्षा लॉनवरच्या पंगतीत आजीला बसवा.

आमच्याकडे आता फळ्याशेजारी एक वही टांगलेली आहे. दर अर्ध्या तासानं पाळीचा मुलगा किंवा मुलगी मीटरवरचा आकडा त्यात लिहिते, सोबत किती डोकी, कुठल्या खिडक्या उघड्या. त्या नोंदींवरून आम्ही आलेखाचा धडा शिकलो. आकडा बाराशेच्या वर गेला की ज्याची पाळी असेल तो मला न विचारता उठतो आणि दार उघडतो.